कंगवा, चिकटपट्टी आणि बारावीची वीज

दिवाळीच्या सुट्टीत वसतिगृहातून घरी आलेला मुलगा दोन दिवस काही बोलत नाही. तिसऱ्या दिवशी आईजवळ बसून हळूच म्हणतो, ‘सायन्स सोडतो, आर्ट्सला जातो.’ नंदुरबार, शहादा, तळोदा, नवापूर या भागांतल्या कितीतरी घरांत हे वाक्य ऐकू येते. वडील मिरचीच्या पथारीवर कामाला, नाहीतर सुरतेच्या गाडीने रोजगारासाठी गेलेले. दहावीला चांगले गुण पडले म्हणून मुलाला मोठ्या हौसेने विज्ञान शाखेत घातलेले. आता तो सोडतो म्हणतो तेव्हा घरातले कोणी त्याला ‘कुठे अडले?’ असे विचारत नाही. विचारून उपयोग काय, आपल्याला थोडेच कळणार, असे प्रत्येकाला वाटते.

पण विचारले पाहिजे. विचारले तर बहुतेक मुले भौतिकशास्त्राचे नाव घेतील, आणि भौतिकशास्त्रातही दोन-तीन प्रकरणांकडेच बोट दाखवतील. त्यातले एक म्हणजे ‘इलेक्ट्रोस्टॅटिक्स’, मराठीत स्थितिक विद्युत. तारेतून वाहत नाही, एका जागी थांबते, त्या विजेचे शास्त्र. वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेत ७२० पैकी १८० गुण भौतिकशास्त्राला आहेत आणि या प्रकरणावर पुढची दोन-तीन प्रकरणे उभी आहेत. इथे पाय घसरला की धाराविद्युत, संधारित्र, चुंबकत्व सगळेच डळमळीत होते. म्हणून या एका प्रकरणाबद्दल जरा तपशिलात.

आपल्या राज्याच्या अभ्यासक्रमात हा विषय सातवीत येतो. कंगवा घासला की कागदाचे कपटे उचलले जातात, फुगा भिंतीला चिकटतो, ढगात वीज चमकते, उंच इमारतीवर तडितरक्षक का लावतात, हे सारे सातवीच्या विज्ञानाच्या पुस्तकात आहे. नंतर आठवी, नववी, दहावीत तारेतून वाहणारी वीज शिकवतात, आणि एकदम अकरावीच्या दहाव्या प्रकरणात व बारावीच्या आठव्या प्रकरणात इलेक्ट्रोस्टॅटिक्स समोर येते. मधे कंगवा नाही, फुगा नाही. सातवीत मराठीतून हसतखेळत पाहिलेली गोष्ट अकरावीत इंग्रजीतून, बाणाच्या खुणा आणि दहाच्या ऋण घातांसह भेटते. तीच ती गोष्ट आहे हे मुलाच्या लक्षातही येत नाही.

शब्दच आडवे येतात

विज्ञान शिकताना भाषा किती आडवी येते, हे प्रत्यक्ष तपासले गेले आहे. मुंबईचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र १९७४ साली स्थापन झाले. त्याच दशकात या केंद्राने जळगाव जिल्ह्यातल्या खिरोद्याला ग्रामीण शाळांच्या विज्ञान शिक्षकांबरोबर काम केले. केंद्राचे संस्थापक संचालक प्रा. व्ही. जी. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाठ्यपुस्तकातला आशय तसाच ठेवून फक्त भाषा सोपी केली, तेव्हा मुलांची समज स्पष्टपणे वाढलेली दिसली. मुलांची बुद्धी तीच होती. अडसर वाक्यांचा होता.

पुढे १९८०च्या दशकात याच केंद्राने मुंबई महानगरपालिकेच्या शाळांतल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांबरोबर दीर्घ काम केले. प्रा. कुलकर्णी आणि सुधाकर आगरकर यांनी त्यावर अहवाल लिहिला. झोपडपट्टीत राहणारी, घरात शिकवायला कोणी नसलेली ही मुले. त्यांच्या चुका कुठे होतात हे शोधून, भाषा आणि आकडेमोड यांतल्या नेमक्या अडचणी दूर केल्यावर त्यांच्या शालान्त निकालात मोठी सुधारणा झाली. ‘यांना विज्ञान झेपत नाही’ असे ज्यांना वाटे, त्यांना हे उत्तर होते. आपल्या वाचकांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी आणि गरज पडेल तिथे सांगावीही.

नंदुरबार जिल्ह्यात भाषेच्या पायऱ्या आणखी जास्त. घरात कोणी अहिराणी बोलते, कोणी भिली, पावरी, मावची. शाळेत प्रमाण मराठी, आणि अकरावीला इंग्रजी. म्हणजे काही मुलांसाठी इंग्रजी ही तिसरी भाषा होते. अशा मुलासमोर ‘फील्ड’ हा शब्द आला की तो शेत समजतो. त्याचे मराठी ‘क्षेत्र’ सांगितले तर सात-बाराच्या उताऱ्यावरचे क्षेत्र आठवते, हेक्टर-आरमधले. ‘कंडक्टर’ म्हटले की एसटीतला तिकीट देणारा. गंमत अशी, की एसटीच्या कंडक्टरला मराठीत वाहक म्हणतात आणि विजेच्या कंडक्टरलाही वाहकच. ‘इंडक्शन’ म्हटले की शेगडी डोळ्यांपुढे येते. ती शेगडी चुंबकीय प्रवर्तनावर चालते, आणि या प्रकरणातले प्रवर्तन वेगळे. ‘पोलरायझेशन’चे मराठी ध्रुवीकरण, जे मुलाने निवडणुकीच्या बातम्यांत ऐकलेले असते.

सगळ्यांत फसवा शब्द ‘चार्ज’. मोबाइल चार्ज झाला म्हणजे त्यात प्रभार भरला, असे बहुतेक मुलांना वाटते. मोठ्यांनाही वाटते. प्रत्यक्षात बॅटरीत एका टोकाने जितके इलेक्ट्रॉन शिरतात तितकेच दुसऱ्या टोकाने बाहेर पडतात. भरलेल्या बॅटरीत आणि रिकाम्या बॅटरीत एकूण प्रभार सारखाच, शून्य. साठते ती ऊर्जा. हे एक वाक्य नीट समजलेला मुलगा वर्गातल्या निम्म्या मुलांच्या पुढे गेला म्हणायला हरकत नाही.

म्हणून आमची पहिली सूचना अगदी साधी आहे. एक वही करावी. पानावर तीन रकाने आखावेत. पहिल्यात इंग्रजी शब्द, दुसऱ्यात मराठी पारिभाषिक शब्द, आणि तिसऱ्यात त्याचा अर्थ आपल्या घरच्या बोलीत, आजीला सांगितल्यासारखा. तिसरा रकाना लिहिताना जिथे पेन थांबते तिथेच समज थांबलेली असते. ‘नीट’ मराठीतूनही देता येते, हेही अनेक पालकांना माहीत नसते. ती मराठीतून द्यावी की इंग्रजीतून, हे मुलाच्या तयारीवर ठरवावे. पण शब्द दोन्हीकडचे लागतातच.

आधी हाताने, मग सूत्राने

आता प्रयोग. प्रयोगशाळा लागत नाही, पैसेही फारसे लागत नाहीत. लागते ती कोरडी हवा. आणि इथेच आपल्या शाळा-कॉलेजांचे वेळापत्रक मुलांच्या विरुद्ध जाते. पावसाळ्यात हवेत ओल इतकी असते की घासून आलेला प्रभार पृष्ठभागावरून निघून जातो. शिक्षक कंगवा घासतात, कपटा हलत नाही, वर्ग हसतो, आणि प्रयोग तिथेच संपतो. नंदुरबारचा हिवाळा आणि मार्च ते मे हे महिने मात्र या कामाला उत्तम. मिरची वाळते त्या हवेत स्थितिक विजेचे प्रयोगही जमतात. अकरावीच्या मुलाने ते हिवाळ्यात करावेत. बारावीला जाणाऱ्याने मे महिन्यात, वर्ग सुरू होण्याआधी करावेत.

आणखी एक अडचण घरगुती आहे. आपल्याकडे मुलांच्या डोक्याला तेल चोपडलेले असते. तेलकट केसांवर कंगवा कितीही घासला तरी काही होत नाही. त्यापेक्षा प्लास्टिकची पट्टी किंवा संपलेली रिफिल कोरड्या वर्तमानपत्रावर किंवा लोकरी कपड्यावर जोरात घासावी. कागदाचे बारीक कपटे करून जवळ न्यावी. कपटे उडी मारून चिकटतात. इथवर सर्वांना माहीत असते. आता जरा थांबून पाहावे. काही कपटे चिकटल्यावर क्षणभराने उडून दूर फेकले जातात. का? पट्टीला टेकल्यावर पट्टीचाच प्रभार त्यांना मिळाला, आणि सारखे प्रभार एकमेकांना ढकलतात. जवळ येणे आणि दूर जाणे, दोन्ही एकाच कपट्यात दिसले.

यापेक्षाही चांगला प्रयोग साध्या पारदर्शक चिकटपट्टीचा. जगभरच्या कॉलेजांत तो वापरतात. टेबलावर किंवा गुळगुळीत फरशीवर चिकटपट्टीचा एक लांब तुकडा चिकटवून ठेवावा, तो तसाच राहू द्यावा. त्यावर वितीएवढे दोन तुकडे शेजारी शेजारी चिकटवावेत, धरायला टोक दुमडून. मग ते दोन्ही झटकन उपटावेत आणि हातात लोंबते ठेवून एकमेकांजवळ आणावेत. ते एकमेकांपासून दूर वाकतात. दोघांवर एकाच जातीचा प्रभार आला.

आता दुसरा भाग. दोन तुकडे एकावर एक चिकटवावेत, दोन्ही मिळून खालच्या पट्टीवरून सावकाश काढावेत, बोटाने एकदा वरून कुरवाळावेत म्हणजे असलेला प्रभार जाईल. मग ते झटकन वेगळे करावेत. आता ते एकमेकांकडे धावतात. एकाने दुसऱ्याचे इलेक्ट्रॉन घेतले. एकावर जितके वाढले तितकेच दुसऱ्यावर कमी झाले. घासण्याने किंवा उपटण्याने प्रभार निर्माण होत नाही, तो इकडून तिकडे जातो. एकूण बेरीज होती तीच राहते. हे सूत्र म्हणून पाठ करण्यापेक्षा बोटांच्या टोकाला कळले की ते परीक्षेत विसरत नाही.

याच तुकड्यांजवळ आता नुसते बोट न्यावे. दोन्ही तुकडे बोटाकडे ओढले जातात. बोटावर तर काही प्रभार नाही. इथे मुलांचा हमखास गोंधळ होतो. ती म्हणतात, बोटावर उलट प्रभार असणार. नाही. प्रभारित पट्टी जवळ आली की बोटातले प्रभार थोडे सरकतात. पट्टीजवळच्या बाजूला उलट जातीचा प्रभार जास्त होतो, दूरच्या बाजूला सारख्या जातीचा. जवळच्या भागावरची ओढ जास्त, दूरच्या भागावरचा ढकलण्याचा जोर कमी, म्हणून एकूण ओढच. कागदाच्या कपट्याचेही जवळपास तसेच. त्यात प्रभार मोकळेपणाने सरकत नाही, प्रत्येक कणातल्या कणात थोडासा हलतो, एवढाच फरक. यातून परीक्षेत वारंवार विचारला जाणारा निष्कर्ष निघतो. दोन वस्तू एकमेकींकडे ओढल्या गेल्या म्हणून दोन्हींवर प्रभार आहे असे म्हणता येत नाही. एकमेकींना ढकलले तर मात्र दोन्हींवर आहे, हे नक्की.

या भागात मुक्तांगण विज्ञान शोधिकेचा उल्लेख करायला हवा. पुण्याच्या आयुका संस्थेतल्या या केंद्रात अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंपासून विज्ञानाची शेकडो खेळणी करून दाखवली. त्यांत शीतपेयाच्या नळ्यांचे स्थितिक विजेचे प्रयोगही आहेत. त्यांची पुस्तके मराठीतही आहेत. वस्तीच्या वाचनालयात, विहारातल्या अभ्यासिकेत ती ठेवावीत.

मोठा प्रभार जास्त ओढतो का?

कूलोम या फ्रेंच शास्त्रज्ञाने १७८५ मध्ये पिळाच्या तराजूने प्रभारांमधला जोर मोजला. अंतर दुप्पट केले तर जोर चौथा हिस्सा, तिप्पट केले तर नववा. चिकटपट्ट्या हळूहळू जवळ आणताना हे जाणवते. आधी काहीच नाही, आणि मग एकदम जोरात वाकतात.

मुले सूत्र पाठ करतात. पण त्यांना विचारावे, एका गोळीवर एक एकक प्रभार आहे, दुसरीवर चार एकक, तर कोण कोणाला जास्त जोराने ढकलते? बहुतेक म्हणतात, चारवाली एकवालीला जास्त. अमेरिकेतल्या कॉलेजांत विजेच्या संकल्पनांची चाचणी घेतली तेव्हा तिथल्या मुलांनीही हीच चूक मोठ्या प्रमाणावर केली. तेव्हा ही चूक नंदुरबारची नव्हे, ती माणसाच्या सहज समजुतीची आहे. खरे उत्तर, दोघी एकमेकींना अगदी सारख्या जोराने ढकलतात. सूत्रात दोन प्रभारांचा गुणाकार आहे. एक गुणिले चार आणि चार गुणिले एक यांत फरक कुठे आहे? न्यूटनचा तिसरा नियम इथेही तोच. हलकी गोळी जास्त वेगाने पळेल, ते तिच्या हलकेपणामुळे.

गणितात एक खड्डा आहे, तोही सांगतो. एक कूलोम हा प्रचंड मोठा प्रभार आहे. एक मीटर अंतरावर एक-एक कूलोमचे दोन प्रभार ठेवले तर त्यांच्यात नऊ अब्ज न्यूटनचा जोर येईल, म्हणजे सुमारे नऊ लाख टन वजनाइतका. दहा टनी ट्रक घेतले तर नव्वद हजार भरलेले ट्रक. म्हणून उदाहरणांत मायक्रोकूलोम असतात, कूलोमचा दहा लाखावा भाग. दोन प्रभारांचा गुणाकार करताना हा दहा लाखावा भाग दोनदा घ्यायचा असतो. मुले एकदाच घेतात, आणि उत्तर दहा लाख पटीने चुकते. उत्तर आले की ‘एवढा जोर असू शकतो का?’ असे स्वतःला विचारण्याची सवय लावावी. कंगव्याने ट्रक उचलला गेला तर कुठेतरी शून्ये चुकली आहेत.

लोहाराच्या मुलाने काढलेल्या रेषा

या विषयात ‘क्षेत्र’ आणि ‘बलरेषा’ या कल्पना ज्याने आणल्या त्याची गोष्ट आपल्या मुलांना अवश्य सांगावी. मायकेल फॅरडे १७९१ मध्ये लंडनजवळ जन्मला. बाप लोहार, घरी गरिबी. शाळा जेमतेम. तेराव्या-चौदाव्या वर्षी तो पुस्तके बांधणाऱ्या दुकानात कामाला लागला. बांधायला आलेल्या पुस्तकांपैकी एका विश्वकोशात त्याने विजेवरचा लेख वाचला, आणि मोडक्यातोडक्या वस्तूंतून घासून वीज तयार करण्याचे लहान यंत्र स्वतः बनवले. १८१२ मध्ये हम्फ्री डेव्ही या नामवंत शास्त्रज्ञाची व्याख्याने ऐकून त्याने टिपणे काढली, ती स्वतः बांधून त्यालाच पाठवली. १८१३ मध्ये डेव्हीच्या प्रयोगशाळेत त्याला काम मिळाले. युरोपच्या प्रवासात डेव्हीच्या बायकोने त्याला नोकरासारखे वागवले. तरी तो टिकला.

त्याला उच्च गणित येत नव्हते. म्हणून त्याने विजेचे आणि चुंबकाचे जोर चित्रात पाहिले. प्रभाराभोवतीची सारी जागाच जणू ताणलेली आहे, आणि त्या ताणाच्या दिशा रेषांनी दाखवता येतात, असे त्याने मांडले. त्या काळच्या गणितज्ञांना हे बालिश वाटले. पुढे मॅक्सवेलने याच रेषांना गणिताचे रूप दिले, आणि त्यातून रेडिओ, दूरचित्रवाणी, मोबाइल यांचे शास्त्र उभे राहिले. गणितात कच्च्या माणसाने पुस्तकाला दिलेली ही देणगी आज गणिताच्या भाराखाली मुलांना घाबरवते, हा मोठा विरोधाभास म्हणायचा.

रेषांबद्दल दोन खुलासे. त्या खऱ्या दोऱ्या नव्हेत, नकाशावरच्या रेषांसारख्या आहेत. दोन रेषांच्या मधे क्षेत्र नसते असे नाही, आणि प्रभार नेहमी त्या रेषेवरूनच धावतो असेही नाही. दुसरे, एखाद्या जागी दुसरा प्रभार आणून ठेवला नाही तरी तिथे क्षेत्र असते. तो आणून ठेवला की त्यावर जोर येतो, एवढेच.

‘गाउसचा नियम’ या रेषांचीच मोजदाद आहे. आपल्या सारंगखेड्याच्या घोडेबाजाराचे उदाहरण घ्या. बाजाराला चारी बाजूंनी कुंपण आहे आणि प्रत्येक दारावर मोजणारा माणूस आहे असे समजा. बाहेर जाणारा घोडा अधिक एक, आत येणारा वजा एक. बाहेरून आला आणि दुसऱ्या दाराने गेला, त्याची बेरीज शून्य. बेरीज अधिक आली तर समजावे, आत शिंगरू जन्मले. आतला धन प्रभार म्हणजे शिंगरे जन्मण्याची जागा. बाहेरचा प्रभार म्हणजे येऊन जाणारे घोडे. आणि बेरीज शून्य आली म्हणून बाजारात घोडेच नाहीत असे कोणी म्हणेल का? मुले नेमके तेच म्हणतात. बेरीज शून्य, म्हणून आत क्षेत्र शून्य. हा फरक बाजारात कळतो, पुस्तकात निसटतो.

तोरणमाळची उंची

या प्रकरणातला सर्वांत अवघड शब्द ‘पोटेन्शियल’, म्हणजे विभव. त्याला समजून घ्यायला सातपुड्यात जाऊ. तोरणमाळ समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरहून उंच आहे. ही उंची त्या जागेची आहे. तुम्ही चढा, न चढा, ती तेवढीच. आता दोघे जण ओझे घेऊन वर गेले. एकाकडे दहा किलो, दुसऱ्याकडे वीस. उंची दोघांना सारखी, पण वीस किलोवाल्याला दुप्पट ऊर्जा घालवावी लागली. उंची म्हणजे विभव, ओझे म्हणजे प्रभार, आणि दोन्ही मिळून होते ती स्थितिज ऊर्जा. प्रत्येक एकक प्रभारामागे किती ऊर्जा, ते विभव सांगते. व्होल्ट हे त्याचे माप.

आता क्षेत्र कुठे? क्षेत्र म्हणजे उतार. घाटातल्या रस्त्यावर उतार तीव्र आहे, तिथे दगड सोडला तर गडगडत जातो. पण वर पठारावर यशवंत तलाव आहे. उंची अकराशे मीटरहून जास्त, तरी पाणी शांत उभे. कारण तिथे उतार नाही. विभव जास्त असले तरी क्षेत्र शून्य असू शकते, ते असे. धातूच्या पोकळ गोळ्याच्या आत नेमके हेच असते. आत सगळीकडे विभव सारखे, पठारासारखे, म्हणून क्षेत्र शून्य. ‘क्षेत्र शून्य म्हणजे विभवही शून्य’ असे लिहून जी मुले गुण घालवतात, त्यांनी यशवंत तलाव आठवावा. उपमा एका ठिकाणी तोकडी पडते. दगड एकाच जातीचा असतो, प्रभार दोन जातींचे. धन प्रभार उताराने खाली जातो, इलेक्ट्रॉन मात्र चढावर धावतो.

व्होल्ट आणि धोका यांचाही घोळ याच ठिकाणी सुटतो. हिवाळ्यात अंगातून नायलॉनचा स्वेटर काढताना चटचट ठिणग्या उडतात. हवेतून ठिणगी उडायला सेंटिमीटरला सुमारे ३० हजार व्होल्ट लागतात. म्हणजे दोन-तीन मिलिमीटरची ठिणगीसुद्धा सहा ते नऊ हजार व्होल्टची. तरी माणसाला काही होत नाही. घरातली २३० व्होल्टची तार मात्र जीव घेते. कारण स्वेटरवर प्रभार अगदी थोडा, क्षणात संपतो. उंच कड्यावरून वाळूचा एक कण डोक्यावर पडला तर काय होते? तारेमागे मात्र अख्खे वीज केंद्र उभे असते, ते प्रभार पुरवत राहते.

पायाळू आणि एसटी

मराठीत आकाशातल्या विजेला आणि दिव्यातल्या विजेला एकच शब्द आहे. शास्त्राला १७५२ मध्ये फ्रँकलिनच्या पतंगाच्या काळात जे कळले, ते आपल्या भाषेत आधीपासून एकत्र नांदते आहे. पण त्याच भाषेत ‘पायाळू माणसावर वीज पडते’ असेही म्हणतात. जन्मताना पाय आधी बाहेर आले म्हणून ढग त्या माणसाला कसा ओळखणार? वीज उंच, एकट्या, टोकदार वस्तूकडे झेपावते, कारण टोकाजवळ क्षेत्र तीव्र होते. म्हणून मोकळ्या शेतात उभा असलेला माणूस आणि एकटे झाड धोक्यात. झाडाखाली थांबू नये. पक्क्या घरात किंवा बंद गाडीत जावे. एसटी बसचा पत्रा हा आपल्याभोवती धातूचा पिंजराच असतो. वीज पत्र्यावरून जमिनीत जाते. आत बसलेल्याने धातूच्या भागाला हात लावू नये, एवढे पाळावे. फॅरडेने १८३६ मध्ये अशीच धातूने मढवलेली खोली बांधून, स्वतः आत बसून हे दाखवले होते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ ॲप जवळपास वीज पडण्याची सूचना देते. शेतमजुरीला जाणाऱ्यांच्या फोनमध्ये ते असावे.

पिंजऱ्याचा प्रयोग घरातही होतो. कागदाचे कपटे टेबलावर ठेवावेत. घासलेली पट्टी किती उंचीवरून ते उचलते ते पाहावे. मग कपट्यांवर स्टीलची चहाची गाळणी पालथी घालावी, गाळणीला एक हात लावून ठेवावा, आणि पट्टी तितक्याच उंचीवर न्यावी. कपटे हलत नाहीत. जाळीला भोके आहेत, तरीही.

घरच्यांनी काय करावे

ज्या आईने शाळा पाहिली नाही तिलाही यात काम आहे. संध्याकाळी मुलाला म्हणावे, ‘आज काय शिकलास ते मला सांग.’ तो इंग्रजी शब्द फेकील. ‘म्हणजे काय रे?’ एवढेच विचारावे. पुन्हा विचारावे. मुलगी असेल तर तिलाही तितकाच वेळ द्यावा, चुलीपाशी बसून नव्हे तर वही उघडून. तो वा ती तुम्हाला समजेल असे बोलू लागली, की तिला स्वतःला समजलेले असते. शिकवणीला पैसे नसतील तर चार मुलांनी एकत्र बसावे आणि एकेकाने एकेक प्रयोग इतरांना करून दाखवावा. उदाहरण सोडवताना आधी चित्र काढावे, कोणत्या प्रभारावर कोणत्या दिशेने जोर येतो त्याचे बाण दाखवावेत, आणि मगच सूत्राला हात घालावा. दोन जोर वेगवेगळ्या दिशांनी असतील तर ते साध्या बेरजेने मिळवता येत नाहीत, हे बाण काढल्यावरच दिसते.

सुट्टीत घरी आलेल्या मुलांसाठी एक प्रश्न देतो. प्रभारित पट्टीने कागदाचा कपटा उचलला. कपटा हलका, पट्टी जड. पट्टी कपट्याला जितक्या जोराने ओढते तितक्याच जोराने कपटा पट्टीला ओढतो का? ओढतो. मग पट्टी कपट्याकडे का जात नाही? कारण ती तुमच्या हातात घट्ट धरलेली आहे. ती दोऱ्याने मधोमध टांगा, हलायला मोकळी सोडा, आणि तिच्या घासलेल्या टोकाजवळ नुसते बोट न्या.